डॉक्टरांच्या सोबतीला कोण?



मुंबईहून समुद्र ओलांडून येणारा अटल सेतू ज्या किनाऱ्याला लागतो, तेथेच उलवे वसले आहे. जानेवारी २०२४ मध्ये हा सेतू वाहतुकीस खुला झाला, तेव्हा प्रगतीचे गुणगान पुष्कळ झाले. पुढे जुलै २०२५ मध्ये याच सेतूशी निगडित अशी एका तरुण डॉक्टरच्या मृत्यूची वार्ता आली. तो मुंबईतील एका सरकारी रुग्णालयात काम करीत होता आणि राहत होता पनवेल परिसरात. त्याच्या मनात काय चालले होते, याविषयी तर्क लढविण्याचा अधिकार कोणालाही नाही. अशा मृत्यूमागे एकच एक कारण क्वचितच असते आणि बाहेरच्यांनी कारणांची यादी करणे ही त्याच्या कुटुंबाची क्रूर थट्टा ठरते. मात्र एक प्रश्न विचारणे हे कर्तव्यच आहे. ज्या व्यवसायात तो होता, त्या व्यवसायातील माणसाचे मन जड झाले तर त्याने रात्री दोन वाजता कोणाचे दार ठोठवावे, याची काही सोय आपल्या समाजाने केली आहे काय?

श्रमिकांच्या चळवळीत वाढलेल्या कार्यकर्त्याच्या ओठांवर यावर एक प्रतिप्रश्न लगेच येतो. डॉक्टर म्हणजे सुखवस्तू वर्ग. त्याच्या मनःस्वास्थ्याची चिंता कष्टकऱ्यांच्या कैवाऱ्यांनी का वाहावी? विमानतळासाठी डोंगर फोडणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांची चिंता आधी नको काय? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. वैद्यकीय शिक्षणाचा बाजार कोणी मांडला आणि त्यावर गबर कोण झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात सलग दुसऱ्या रात्री उभा असलेला निवासी डॉक्टर हा मालक नव्हे. त्याच्याजवळ विकण्यासारखे फक्त श्रम आहेत, आणि तेही विद्यावेतनाच्या नावाखाली घेतले जातात. ‘तू शिकतो आहेस’ असे म्हटले की कामाचे तास मोजण्याची गरज उरत नाही, ही युक्ती उमेदवारी करणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या बाबतीत भांडवलाने वापरलेली आहे. मजुराच्या फुप्फुसांविषयी म्हणाल, तर ती तपासायला बसतो तो हाच अर्धवट झोपेतला माणूस. तेव्हा या दोन चिंता एकमेकींच्या विरोधात उभ्या करता येत नाहीत.

तासांचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारने १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी जी योजना जाहीर केली, तिच्यात सलग प्रत्यक्ष काम सामान्यतः दिवसाला १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक नसावे, असे म्हटले होते. कागदावर ती योजना आहे. वॉर्डात ती कोणी पाहिलेली नाही. त्यानंतर ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल आला. त्याने शिफारस केली की आठवड्याचे काम ७४ तासांपेक्षा अधिक नसावे, एक दिवस सुटी असावी आणि दिवसाला सात-आठ तास झोप मिळावी. म्हणजे तीन दशकांच्या प्रगतीनंतर सुधारणेची भाषाच ४८ वरून ७४ वर चढली! आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी रक्त सांडले होते, याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. याच कृतिदलाने ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मते घेतली होती. आयुष्य संपविण्याचा विचार मनात येऊन गेल्याचे त्यांतील सुमारे ३१ टक्क्यांनी नोंदविले. विचार मनात येणे आणि कृती होणे यांत अंतर असते, आणि त्या अंतरातच सोबतीचे काम असते. पण जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या मनात तो विचार येऊन जात असेल, तर त्याला वैयक्तिक दुबळेपणा कोणत्या तोंडाने म्हणावे?

यावर प्रशासनाजवळ एक ठरलेले औषध असते. ताण वाढला की योगवर्ग भरवावा, एखाद्या वक्त्याला बोलावून सकारात्मक विचारांवर व्याख्यान ठेवावे, आणि त्या व्याख्यानाला रात्रपाळी संपवून आलेल्यांची हजेरी सक्तीची करावी. योगाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु झोपेच्या अभावावर श्वसनाचे व्यायाम हा उतारा नव्हे.

पुण्याच्या हमालांचे उदाहरण येथे अधिक उपयोगी पडेल. त्यांना संघटित करणारे बाबा आढाव हे मूळचे आयुर्वेदाचे डॉक्टर. नाना पेठेतील दवाखान्यात येणाऱ्या हमालांच्या कण्याचे आणि गुडघ्यांचे दुखणे गोळीने जाणारे नाही, हे त्यांना कळले आणि त्यातून हमाल पंचायत उभी राहिली. शंभर किलोचे पोते एकट्या हमालाला स्वतःच्या पाठीवर घेता येत नाही. दोघांनी उचलून ते चढवून द्यावे लागते. असा हात देणे हा हमालांमधला न लिहिलेला कायदा आहे. पण हमालांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. पोतेच पन्नास किलोचे करा, अशी मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली आणि ती मान्य करून घेतली. डॉक्टरांच्या परस्परसाहाय्याचा विचार याच दोन टोकांना धरून व्हावयास हवा. हात न देता नुसती वजनाची लढाई केली, तर लढाई संपेपर्यंत कित्येक जण मोडून पडतात. आणि वजनाविषयी अवाक्षर न काढता नुसता हात दिला, तर तो हात अखेर मालकाचीच सोय करतो.

हात द्यावयाचा म्हणजे काय करावयाचे? डॉक्टरचे दुःख इतरांच्या दुःखाहून कोठे वेगळे असते, हे आधी पाहिले पाहिजे. गिरणीत धागा तुटला तर तो जोडता येतो. डॉक्टरच्या हातून, किंवा हात चालूनही हाताबाहेर, जे जाते ते परत येत नाही. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही, दोन तासांत सगळे संपते, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत त्याच डॉक्टरला नातेवाइकांना सांगावे लागते, कागद भरावे लागतात व शेजारच्या टेबलावरची दुसरी बाळंतीण घ्यावी लागते. घरी जाऊन सांगावे तर घरचे घाबरतात. वरिष्ठाला सांगावे तर तो चूक शोधतो. रुग्णालयात मृत्यूंचा आढावा घेणारी बैठक असते, आणि ती असावयासच हवी; परंतु तेथे चर्चा होते ती मृत्यूची. त्या रात्रीनंतर हात थरथरू लागलेल्या माणसाची तेथे चर्चा होत नाही. अमेरिकेतील डॉक्टर आल्बर्ट वू यांनी २००० साली अशा डॉक्टरला ‘दुसरा बळी’ असे नाव दिले. ज्यांचे माणूस गेले त्यांना हा शब्द बोचतो आणि त्यांचे बोचणे रास्त आहे. पहिल्या बळीच्या शेजारी जाऊन आपलाही पाट मांडावा, असा त्याचा अर्थ कोणी करू नये. पण शब्द बदलला तरी अवस्था तीच राहते.

ती अवस्था कोठवर जाते, हे मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील लालसोट येथे दिसले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक बाई दगावली. जमाव जमला. पोलिसांनी डॉक्टर स्त्रीवर चक्क खुनाचे कलम लावले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टर स्त्रीनेही जगाचा निरोप घेतला. वैद्यकीय हलगर्जीच्या तक्रारीत आधी निष्पक्ष तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि ऊठसूट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितले होते. महाराष्ट्रातही रुग्णालयांतील हिंसेविरुद्ध २०१० पासून कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तरीही २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. सुरक्षारक्षकांची आश्वासने त्यातून मिळाली. रक्षक दारावर उभा राहतो. दाराच्या आत जे घडते त्यावर त्याचा इलाज नाही. जमावाच्या रागाचेही मूळ पाहावे लागते. ज्या खाटेसाठी चार दारे हिंडावे लागले, ती मिळाल्यावर माणूस गेला, तर व्यवस्थेवरचा राग समोरच्या पांढऱ्या कोटावर निघतो. व्यवस्थेला अंग नसते, कोटाला असते.

यावर जगात एक जुना प्रयोग आहे. हंगेरीत जन्मलेले मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत साध्या, गल्लीबोळांतल्या डॉक्टरांचे छोटे गट बसवावयास सुरुवात केली. १९५७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि आज ‘बालिंट गट’ हे नाव अनेक देशांत रूढ आहे. पद्धत अगदी साधी आहे. आठ-दहा डॉक्टर ठरल्या वेळी बसतात. एक जण आपल्या मनातून न जाणाऱ्या रुग्णाविषयी बोलतो. बाकीचे औषध सुचवीत नाहीत, ‘तू असे का केले नाहीस’ असे विचारीत नाहीत. त्या रुग्णाने डॉक्टरच्या मनात काय जागे केले, राग की भीती की स्वतःच्या बापाची आठवण, एवढेच पाहतात. ऐकताना हे पोरकट वाटते. परंतु ‘मला त्या रुग्णाचा राग येत होता’ हे वाक्य ज्याने आयुष्यात प्रथमच चार समव्यवसायींसमोर उच्चारले आणि छत कोसळले नाही, त्याला ते पोरकट वाटत नाही. लंडनमध्येच २००८ पासून डॉक्टरांसाठी स्वतंत्र व गोपनीय उपचारसेवा सुरू झाली आणि पुढे ती इंग्लंडभर नेण्यात आली. तेथे पैसा सरकारी आरोग्यसेवेचा आहे, हे विशेष.

परदेशी दाखलेच हवेत असेही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी जे केले, त्याला या देशात तोड नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या त्यांच्या सहकारी परिचारिकेवर कामाच्या जागीच भीषण हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, एकामागून एक पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली. महापालिकेने तिला तेथून हलविण्याचे घाटले तेव्हा परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. ज्यांनी तिला उभी कधी पाहिलीही नव्हती, अशा मुलींनी तिला आपली मानले. समव्यवसायींच्या सोबतीवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे वॉर्ड पाहून घ्यावयास हवे होते. डॉक्टरांच्या आधी परिचारिकांना ही गोष्ट कळली, याचे एक कारण त्यांची संघटना हे आहे. दुसरे कारण असे, की त्यांना कधी कोणी देव म्हटले नाही. देव म्हटलेल्या माणसाला रडता येत नाही.

पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून हेच तत्त्व वेगळ्या क्षेत्रात चालत आले आहे. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच तेथे पुढे कार्यकर्ता होतो आणि नव्याने आलेल्याजवळ बसतो. जो त्या वाटेने गेला आहे, त्याच्यासमोर खोटे बोलावे लागत नाही.

पण ‘समव्यवसायी’ या शब्दावर भाबडेपणाने विसंबून चालणार नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर पायल तडवी हिने आपले जीवन संपविले. ती आदिवासी समाजातून आलेली होती. तिचा जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून ज्यांच्यावर खटला भरण्यात आला, त्या तिघी तिच्याच विभागातील वरिष्ठ सहकारी होत्या. निकाल न्यायालयाने द्यावयाचा आहे. पण धडा त्यासाठी थांबत नाही. एकाच वॉर्डात, एकाच पांढऱ्या कोटात वावरणारी माणसे आपोआप सोबती होत नाहीत. पदव्युत्तर विभाग ही सरंजामी उतरंड आहे. तिसऱ्या वर्षाचा दुसऱ्यावर, दुसरा पहिल्यावर चढून बसतो. त्यात जात, राखीव जागेचा टोमणा आणि बाईपण यांची भर पडली, की खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलीला त्या घरात आधार मागण्याजोगा माणूसच उरत नाही. म्हणून असा गट विभागप्रमुखाच्या दालनात भरवू नये; परीक्षेत गुण देणारा आणि गुण घेणारा एका गटात असू नयेत; आणि गटात काय बोलले गेले याची टिपणे कोणी ठेवू नयेत. खटल्याची शक्यता असलेल्या घटनेत वैद्यकीय तपशील वकिलासाठी राखावेत. गटात माणसाने आपल्या झोपेविषयी बोलावे. जेथे छळ आहे, तेथे गट हा तक्रारीला पर्याय होऊ शकत नाही. तेथे तक्रारच करावयाची आणि गटाने तिच्यामागे उभे राहावयाचे.

आता उलव्याकडे वळू. येथे मोठे सरकारी रुग्णालय नाही; वैद्यकीय महाविद्यालय तर नाहीच. सिडकोने वसविलेल्या या नगराला ज्या गावाचे नाव मिळाले, ते मूळ उलवे गाव विमानतळासाठी उठविलेल्या दहा गावांपैकी एक होते. गाव उठले आणि नाव इमारतींना चिकटले. त्या इमारतींच्या तळमजल्यावर, किराणा दुकान आणि मोबाइलच्या दुकानामध्ये, दवाखान्याचा गाळा असतो. बी. ए. एम. एस., बी. एच. एम. एस., एखादा एम. बी. बी. एस. गाळ्याचे भाडे, सोनोग्राफीच्या यंत्राचे कर्ज, मुलांची फी. सकाळी दहा ते दोन, संध्याकाळी सहा ते रोगी संपेपर्यंत. समोर बसणारा कधी विमानतळावरचा बिहारी मजूर, कधी गव्हाणची आगरी आजी, कधी वीस वर्षांच्या हप्त्यांत अडकलेला फ्लॅटधारक. निवासी डॉक्टरला निदान संघटना आहे, संप आहे, शेजारच्या खाटेवर पेंगणारा जोडीदार आहे. गाळ्यातल्या डॉक्टरला यांतले काहीही नाही. त्याचा समव्यवसायी म्हणजे रस्त्यापलीकडच्या गाळ्यातला प्रतिस्पर्धी.

दोघांमध्ये व्यवहार होतो तो बहुधा रोगी वर पाठविण्याचा, आणि कित्येकदा त्यात कट असतो. याच रायगड जिल्ह्यातील महाडचे, विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर ठाऊक असलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून आलेला असा धनादेश परत पाठवून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. त्यांचे कौतुक झाले, पण कटाचा धंदा थांबला नाही. गंमत अशी, की पैशाच्या बाबतीत डॉक्टरांचे परस्परांशी जाळे इतके घट्ट आहे. आणि दुःखाच्या बाबतीत एकमेकांचा साधा फोन नंबरही नाही. बाजाराने माणसांना जोडले ते एवढ्यापुरतेच.

उलव्यात असा गट बसावयाचा, तर अडचणी निराळ्या असतील. रोगी फुटतील ही भीती पहिली. ‘अमक्या डॉक्टरचे डोके ठिकाणावर नाही’ अशी वार्ता एका संध्याकाळीत सेक्टरभर होईल ही दुसरी, आणि ती खोटी नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. सोसायटीच्या जिन्यावर तो कायदा लागू होत नाही. म्हणून गट उलव्याच्याच डॉक्टरांचा असावा असा आग्रह धरू नये. खारकोपर आणि बामणडोंगरीहून लोकलने नेरूळ-बेलापूर दूर नाही, पनवेल-उरण दूर नाही. चार ठिकाणचे दोघे-दोघे आले तर बाजारातले वैर आपोआप गळून पडते. त्यात गव्हाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील सरकारी डॉक्टरने बसावे, खासगी रुग्णालयात पगारावर राबणाऱ्यानेही बसावे. पदव्यांचा पंक्तिभेद बाहेर ठेवावा. होमिओपॅथला खालच्या पाटावर बसविणारा गट पहिल्याच महिन्यात मोडेल. आणि परिचारिकांनी आपले गट बसविले तर डॉक्टरांनी त्यांना जागा द्यावी, मार्गदर्शन देऊ नये.

गट म्हणजे उपचार नव्हे, हेही स्पष्ट असावे. कोणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, कोणी दारूकडे किंवा स्वतःच्याच कपाटातल्या गोळ्यांकडे वळला आहे, कोणी निरवानिरवीची भाषा बोलू लागला आहे, असे दिसले तर त्याला आडून न विचारता सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. मग त्याला एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही मिळते. डॉक्टरांनी तो क्रमांक रोग्यांसाठी भिंतीवर लावला असेल, तर स्वतःसाठी फिरवावयास संकोच नको.

सार्वजनिक रुग्णालयांपुरती मागणी मात्र लेखी आणि संघटनेच्या नावाने झाली पाहिजे. गटाचा तास हा कामाच्या तासांत धरला जावा आणि त्या तासात वॉर्ड सांभाळावयास बदली डॉक्टर मिळावा. ही मागणी केली की रिक्त पदांचा प्रश्न आपोआप पटलावर येतो. बदली माणूस द्यावयाचा तर माणूस असावा लागतो. अधिकारी म्हणतील की गट बसवा, पण ड्यूटी संपल्यावर. त्या क्षणी डॉक्टरांनी १९९२ चा कागद त्यांच्यापुढे ठेवावा.

उलव्यापुरते पाहिले तर ठरवावयाच्या गोष्टी किरकोळ आहेत. दवाखान्यांच्या सुटीचे वार वेगवेगळे असतात; सोयीचा वार काढावा लागेल. जागा दवाखान्याची नसावी, आणि फळ्यावर नाव लावू नये. आठ जण पुरेत. चौघे आले तरी बसावे. दर आठवड्याला एकाचा फोन रात्री चालू राहील, अशी पाळी लावावी, आणि ज्याची पाळी असेल त्याने दुसऱ्या दिवशी दवाखाना तासभर उशिरा उघडला, तर बाकीच्यांनी त्याचे तेवढे रोगी पाहून ते त्याच्याकडेच परत पाठवावेत. हे शेवटचे कलम कोणाला पटते आणि कोणाला नाही, यावरून गट टिकेल की नाही ते पहिल्याच बैठकीत कळेल.